पिवळी कॅसेट

गेल्या रविवारी राजारामपुरीतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात व्हिडिओ गेमची एक पिवळी कॅसेट दिसली. दुकानदारानं भाव सोन्याचा सांगितला. तरी मी ती नाकाशी नेली. धुळीचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा तोच वास आला, आणि मला शाहूपुरीतलं दुकान आठवलं. मी तेव्हा चौथीत होते. जुन्या कॅसेट तिथंही महागच मिळायच्या, म्हणून घासाघीस करायला आईला नेलं होतं.

“पावणं, वापरलेलीच हाय की ही! एवढी किंमत?”

“आधी चालवून बघा वहिनी, मग बोला.”

दुकानदारानं कॅसेट घालून टीव्ही लावला. काळ्या पडद्यावर एकदम निळंशार आभाळ उघडलं आणि एक चिमुकला माणूस ढगांवरून धावू लागला. आईनं भाजीची पिशवी खाली ठेवून खेळाचा रिमोट हातात घेतला. माणूस दोनदा दरीत पडला. पुढच्या उडीला आईनंही टाचा उचलल्या आणि तो पलीकडे पोचला.

“गेला की गं!” आई ओरडली.

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खेळ विसरून मी तिच्या निळ्या उजेडातल्या चेहऱ्याकडेच बघत राहिले. भाव न पाडताच तिनं कॅसेट घेतली.

आज मी तिच्या त्या वयाची आहे. आता कळतं, आई तेव्हा किती लहान होती!