पॉइंट थ्रीवरची तीन मिनिटं

त्या चौकीवर मी दहा आठवडे होतो. जूनच्या सुरुवातीला चढलो, ऑगस्टच्या मध्यावर उतरलो. चढलो ते पश्चिमेच्या खेचरवाटेनं, उतरलो तेही तिनेच. चौकी कुठली आणि खालचं गाव कुठलं ते लिहीत नाही. आता तिथे फौज नाही, गावभर हॉटेलं झालीत, हे मलाही ठाऊक आहे. पण सवय जात नाही.

मी नायक दिलीप मोहिते, रेडिओ ऑपरेटर. फौजी म्हटलं की सिव्हिलियन लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक घेऊन बर्फात उभा असलेला गडी येतो. मी कुठे उभाबिभा नव्हतो. मी बंकरमध्ये सेटपुढे बसलेलो होतो, कानाला हेडफोन लावून. बंकरला खिडकी नव्हती. दार होतं ते मागे, कातळाकडे.

रूटीन असं. पाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन आपापल्या जागी. सहाला चहा. सातला खालच्या कॅम्पशी रेडिओ चेक. दर गुरुवारी सहा जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, पूर्वेच्या वाटेनं गावात उतरायची आणि दुसऱ्या दिवशी टपाल घेऊन परत यायची. वाटेत चार ठिकाणी थांबून त्यांनी मला रिपोर्ट द्यायचा. तिसरं ठिकाण म्हणजे नाल्याच्या वरचं एक वळण. माझ्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, त्याचं नाव पॉइंट थ्री.

पेट्रोलचा सेट पाठीवर वाहायचा लान्स नायक सर्जेराव शेलार. पाटण तालुक्यातला, माझाच भरतीचा जोडीदार. सेट चालवायला त्याला मीच शिकवलं आणि स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला. पेट्रोलवर जायला मीही माझं नाव दिलं होतं. सुभेदार साहेब म्हणाले, "मोहिते, तुझ्यासारखा ऑपरेटर वर पाहिजे. शेलार जाईल." म्हणजे काम चांगलं केलं म्हणून मी कोंडलेला, आणि काम मोडकंतोडकं येतं म्हणून तो मोकळा. कसला न्याय हा?

शेलार गावात जायचा, गरम जिलेबी खायचा, एसटीडी बूथवरून आईशी बोलायचा. परत आला की थेट माझ्या बंकरमध्ये. "मोहित्या, देवदाराचा काय वास सुटतो रे पावसात!" कागदात बांधून माझ्यासाठी चार जिलेब्या आणायचा, थंड, चिकट झालेल्या. मी त्या खायचो आणि वर तोंड वाकडं करायचो. लंगरात जेवायला बसलं की सगळे त्याच्याभोवती. सुभेदार साहेबसुद्धा हसायचे ते त्याच्याच विनोदांवर.

सरळ सांगतो, मी जळत होतो. दुसरा शब्द नाही. रोज त्याच्याबरोबर एका ताटात जेवायचो आणि रोज पोटात दुखायचं.

तो गुरुवार ऑगस्टातला. नऊ आठवडे आम्ही धुक्यात होतो, दहा पावलांवरचा संडास दिसत नव्हता. त्या दिवशी म्हणे सकाळी नऊच्या सुमाराला उघडलं. 'म्हणे' अशासाठी की मी पाहिलं नाही. दुसरा ऑपरेटर तापानं फणफणला होता आणि मी पाचपासून सेटवर होतो. पेट्रोल सातला निघाली. पॉइंट वन ०७४०. पॉइंट टू ०८२५. पॉइंट थ्री ०९१२.

"पॉइंट थ्री. ऑल ओके. ओव्हर."

"रॉजर. पुढे चला. ओव्हर."

"मोहित्या, अरे बाहेर ये ना जरा. बाहेर येऊन बघ तरी—"

माझं डोकंच सणकलं. वाटलं, हा तिकडे ऊन खात उभाय आणि इथे अंधारात बसलेल्या माणसाला चिडवतोय. मी म्हणालो, "सेटवर गप्पा नकोत. आउट." आणि बोलणं तिथेच संपवून बटण सोडलं. तेव्हा ०९१३ झाले होते. लॉगमध्ये मी लिहिलं, पॉइंट थ्री, ऑल ओके. पुढचं लिहिलं नाही. गप्पा लिहीत नसतात.

०९१६ ला आवाज आला. मला वाटलं, ढग गडगडला. आमचा पहाऱ्यावरचा संत्री उत्तरेकडे तोंड करून उभा असायचा, पूर्वेला पहारा नव्हता. तो वळेपर्यंत दरी पुन्हा ढगानं भरली होती. पॉइंट फोरचा रिपोर्ट ०९४५ ला यायचा, तो आला नाही. मी बोलावत राहिलो. ११५० ला एक जवान धापा टाकत वर आला. दरड कोसळली होती. पाच जण वळणाच्या अलीकडे होते, ते वाचले. शेलार एकटाच पुढे टोकावर होता.

पेट्रोल कमांडर हवालदारानं नंतर जबाब दिला, तो सेटवरून मीच खाली पाठवला. "मी शेलारला दोनदा निघ म्हणालो. एक मिनिट उस्ताद, एक मिनिट, असं म्हणून तो तिथेच उभा राहिला." त्याचा अर्थ कुणाला लागला नाही. मलाही नाही.

तिसऱ्या दिवशी तो नाल्यात सापडला. शोधपार्टीत मला घेतलं नाही, कारण सेट. त्या जागेचा सहा आकडी ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरचा पत्ता, मीच पाठवला, चार वेळा. तो आजही पाठ आहे. पुढच्या आठवड्यात धुक्यातच माझी बदली झाली. सुट्टीत पाटणला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं विचारलं, "शेवटी काय म्हणाला रं माझा सर्जा?"

"ऑल ओके म्हणाला, आई."

आज मी एकसष्ट वर्षांचा आहे. सहा महिने साताऱ्यात, सहा महिने सिंगापुरात मुलीकडे, बुकित बातोकला, नवव्या मजल्यावर. इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपनं यंदा हिमालयाची सहल काढली. नवरे चालतील, असं उदार मनानं ठरलं. माझ्या बायकोनं, सुमननं, कार्यक्रमाचा कागद पुढे ठेवला. त्यात गावाचं नाव. खाली लिहिलेलं, एका दिवसाचा सोपा ट्रेक, गाइडसह, पॅक लंच, व्ह्यू पॉइंट. शेजारी छोटा नकाशा होता. नाला ओळखला. वळण ओळखलं. तरी खात्री करावी म्हणून पाठ असलेला तो ग्रिड फोनच्या नकाशाशी जुळवून पाहिला, तो वळणाच्या बरोबर खाली आला. त्यांचा व्ह्यू पॉइंट म्हणजे माझा पॉइंट थ्री.

चौतीस वर्षांनी मला तिथे जाता येणार होतं. सुमनला एवढंच म्हणालो, "बरी जागा आहे." दुसऱ्या दिवसापासून आमचं ट्रेनिंग सुरू. सकाळी साडेसहाला इमारतीचा जिना, खालपासून बाराव्या मजल्यापर्यंत, चार फेऱ्या. शनिवारी बुकित तिमाहची टेकडी. लिटिल इंडियातल्या चोवीस तास उघड्या दुकानातून रेनकोट आणले. सुमन म्हणायची, "अहो, शिट्टी तेवढी राहिली. तीही वाजवा."

पाचव्या आठवड्यात जिन्यातच माझ्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर चिनी, तरुण, हसतमुख. "अंकल, धिस इयर नो माउंटन, ओके लाह." दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आले तर दात पडले.

सुमन म्हणाली, "तुम्ही नाही तर मीही नाही जात."

"जा की. माझं काय."

'माझं काय' याचा अर्थ जाऊ नकोस, हे पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला कळायला नको? कळलंच असणार. तरी गेली.

आणि मी तिला काहीही सांगितलं नाही. त्या वळणावर काय झालं ते नाही, शेलारचं नावसुद्धा नाही. सांगायला हवं होतं. तिथे उभं राहून कुणीतरी आपल्या माणसानं त्याचं नाव घ्यावं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती, आणि मला नाही तर निदान तिला ते जमणार होतं. पण जी बाई साताऱ्यात अजिंक्यतारा चढताना तीनदा बसायची, ती माझ्या पॉइंट थ्रीवर जाणार आणि मी इथे कुकरच्या शिट्ट्या मोजणार! तिच्या सहलीला माझा शेलार कशाला देऊ? असा विचार केला मी. वय एकसष्ट.

ट्रेकच्या दिवशी सकाळपासून फोटो येत होते. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे, तो हिशेब मनात चालूच. दहाला नव्या बुटांचा फोटो. अकराला देवदार. साडेअकराला ओढा, आणि ओढा ओलांडताना सुमनचा हात धरलेला गाइड, पन्नाशीचा, उंच, मिशीवाला. खाली तिनं लिहिलं होतं, 'बलबीरजी किती काळजी घेतात.' काठी दिली होती ना तिला मी? मग हात धरायचं काय नडलं होतं? मुलगी प्राजक्ता ऑफिसला गेलेली, म्हणून हे मी घरातल्या फ्रिजला विचारलं.

दुपारी बारा पन्नासला तिचा फोन आला. तिकडे दहा वीस.

"अहो, पोचलो आम्ही! अहाहा, काय दिसतंय! तुम्हाला सांगते, समोर—"

"बरं बरं. बॅटरी जाईल. ठेव."

तिनं ठेवला.

मी फोन हातात धरून तिथेच उभा राहिलो. सेटवर गप्पा नकोत. तीच जागा, तोच मी, आणि पुन्हा तेच केलं. लगेच फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं, व्ह्यू पॉइंटला दहा मिनिटं थांबा. बारा त्रेपन्न. बारा पंचावन्न. मी कॉरिडॉरमध्ये आलो, जणू सिग्नल माझ्या बाजूनं कमी होता. बारा अठ्ठावन्नला लागला.

"सुमन, कुठे आहेस?"

"निघालो ना. बलबीरजी चला म्हणतायत, ढग येतोय."

"परत जा. त्याच जागेवर."

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"मी बरा आहे. फोन गाइडला दे."

त्याला हिंदीत सांगितलं की मी फौजी आहे, वरच्या चौकीवर होतो, आणि त्या वळणावर माझा साथीदार गेला. त्यानं आधी बाकीच्यांना थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "सर, पाँच मिनट. मैडम का हाथ मैं पकड़के रखूँगा." म्हटलं, पकड बाबा, घट्ट पकड.

सुमनला मी सगळं सांगितलं. जिलेबी, बंकर, माझं जळणं, मी त्याला काय बोललो ते. एवढं सलग मी तिच्याशी लग्नापासून बोललो नसेन.

मग ती म्हणाली, "नाव काय म्हणालात?"

"शेलार. सर्जेराव शेलार."

तिनं मोठ्यानं नाव घेतलं, दोन वेळा. मग म्हणाली, "मघाशी मी तेच सांगत होते, तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. समोरच्या डोंगरावर पडकी भिंत दिसतेय आणि एक खांब. बलबीरजी म्हणतात, जुनी फौजी चौकी आहे. तुमची तीच का?"

मी म्हणालो, "तिथून चौकी दिसत नाही."

"अहो, दिसतेय ना मला! अगदी समोर. हे काय म्हणतायत ऐका."

बलबीरचा आवाज आला. "सर, मौसम साफ हो तो आदमी भी दिखता है. बकरीवाले उधर खड़े होकर इधर हाथ हिलाते हैं."

मी कॉरिडॉरमध्ये खाली बसलो. शेजारची चिनी आजी दारात येऊन "ओके, अंकल?" म्हणाली. मी मान हलवली.

नऊ आठवड्यांत पहिल्यांदाच उघडलं होतं. त्याला माझी चौकी दिसली होती. तो मला चिडवत नव्हता. मी दिसावा म्हणून बाहेर बोलावत होता, हात करायला. मी आउट म्हणालो, तरी त्याला वाटलं असणार, मोहित्या तोंडानं तसं बोलतो, येईल. म्हणून हवालदाराला म्हणत होता, एक मिनिट उस्ताद, एक मिनिट. मी दाराबाहेर येऊन, बंकरला वळसा घालून हात वर केला असता, तर हसला असता आणि पुढे चालू लागला असता.

"अहो? आहात ना?"

"आहे."

"ढग आला. आता काही दिसत नाही. निघू का?"

"निघ. सांभाळून उतर."

शेलारची आई कधीच गेली. धाकटा भाऊ पाटणला असतो. पुढच्या महिन्यात साताऱ्याला गेलो की त्याच्याकडे जाणार आहे. काय सांगायचं ते ठरलं आहे, ते आधी इथे लिहितो.

लान्स नायक सर्जेराव शेलार, वय सव्वीस. लॉगमध्ये त्याचा शेवटचा निरोप 'ऑल ओके' असा लिहिला आहे. ती नोंद माझी आहे आणि ती अपुरी आहे. ०९१३ ला त्यानं मला बाहेर बोलावलं. मी गेलो नाही. ०९१६ पर्यंत तो माझी वाट बघत उभा होता.