पोवळ्यातला घरजावई

मोखाड्याच्या डोंगरात वाढलेल्या, समुद्रही न पाहिलेल्या मी पोवळ्यांतल्या जीवांवर लिहावं हे जरा अतिच आहे. वाचकांनी माफ करावं. कॉलेजच्या प्रकल्पाला मला तो विषय मिळाला होता. खोडाळ्याच्या एसटीत मी त्याचं भाषण पुटपुटत होतो. शेजारी सुकट विकणारी एक मावशी मांडीवरच्या पाटीवर हात ठेवून बसली होती.

“काय रं पोरा, मंतर म्हणतोस?”

मी लगेच जव्हारच्या कॉलेजात शिकतो असं सांगून ज्ञान पाजळलं. सुकटीच्या दूरच्या नात्यातले इवलेसे परजीवी पोवळ्यात शिरतात, आयतं खातात आणि काहींचे तर हातपाय झडून नुसती पिशवी उरते.

“आमचा घरजावई,” ती शांतपणे म्हणाली. आमच्याकडच्या रीतीने तो सासरी राबायला आला होता, पण आता खाटेवरून उठत नव्हता. एक सुकट चिमटीत धरून तिने विचारलं, “हाकलावा म्हणते, पण लेक रडंल. त्या किड्यानं पोवळं मरतं काय?”

“पुस्तकात तरी... बहुधा मरत नाही,” मी चाचरलो.

परीक्षकांना माझा प्रकल्प काही पटला नाही. पण परवा खोडाळ्याच्या बाजारात तिच्या शेजारणीकडून कळलं, जावई अजून घरातच आहे. मावशी सगळ्यांना सांगते, “जव्हारचा डॉक्टर बोलला, ठेवला तरी चालतो.”