गोलात मीच बोलत राहिले

मधल्या सुट्टीत नववीतल्या दोन मुली भांडल्या. एक नाशिकरोडची, दुसरी डोंगरातल्या सुरगाण्याहून येऊन वसतिगृहात राहणारी. दुसरीने घरून आणलेल्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या भाकरीला पहिली म्हणाली, "शेण थापून आणलंस का गं?" दुसरीने तिच्या तोंडावर पाण्याची बाटली हाणली.

पहिलीच्या वडिलांना ऑफिसात चहा मिळाला. दुसरीला सांगितलं, दाखला घेऊन जा.

मी याच शाळेत शिकवते. वडील एकलहऱ्याला वीज केंद्रात, युनियनचे. गेटवर पत्रकं वाटतच मी मोठी झाले. मुख्याध्यापिकांशी भांडून मी एक संधी मिळवली. शिक्षेऐवजी दोन्ही मुली आणि त्यांच्या घरच्यांनी गोल करून बसायचं. काय झालं, कुणाला काय लागलं, ते कसं भरून काढायचं, हे त्यांनीच ठरवायचं. डस्टर ज्याच्या हातात, बोलणार फक्त तोच. जमलं तर सुरगाण्याची मुलगी शाळेत राहणार होती.

शनिवारी तिची आई काम बुडवून, जीप आणि एसटी बदलत आली. सुरुवात करून देण्यासाठी मी डस्टर घेतलं आणि ते सोडलंच नाही. डोंगरातल्या पोरांना ही शाळा कशी वागवते, कुणाला माफी मिळते, कुणाला दाखला, सगळं बोलले. त्यातलं काही खोटं नव्हतं. पण त्यात त्या मुलीचं एक वाक्य नव्हतं.

नाशिकरोडच्या मुलीचे वडील उठले. "मिटवायला बोलावलं, का आमची इज्जत काढायला? चल गं."

मुलगी मागे बघत बघत गेली.

"झालं समाधान?" मुख्याध्यापिकांनी मला विचारलं. "सोमवारी दाखला तयार ठेवते."

सुरगाण्याची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी बोलणार होते. बाटली मारली ते चुकलंच. पण भाकरीला तसं नाय बोलायचं."

एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

सोमवारी नाशिकरोडची मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी होती. "तिला काढलं का? मला सॉरी म्हणायचं होतं. तुम्ही थांबतच नव्हता."

दोघींना मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत सोडलं आणि बाहेर थांबले. बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. दाखला टळला होता.

संध्याकाळी सुरगाण्याच्या मुलीच्या आईला फोन करून कळवलं. ती म्हणाली, "त्या दिवशी तुमी लय चांगलं बोललात, म्हणून राहिली पोरगी."

तसं नाही, असं म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "जेवलात का?"