पॉइंट काढल्यानंतरचे रविवार

जिल्हा नवा होता आणि त्या जिल्ह्यात मी नवा होतो. लातूरला कलेक्टर कचेरी सुरू झाली तेव्हा नांदेडहून ज्या कारकुनांना तिकडे ढकललं त्यांत माझाही नंबर लागला. उस्मानाबादहून दप्तर गोण्यांत भरून येत होतं, टेबलं पुरत नव्हती, आणि पावसानं दगा दिलेला. मला टंचाईचं काम मिळालं. कुठल्या गावाला टँकरच्या किती खेपा, एवढंच दिवसभर लिहायचं. निलंग्याकडची, देवणीकडची, अहमदपूरकडची माणसं पाण्यासाठी माझ्याशी कडाकडा भांडून जायची. संध्याकाळी खोलीवर गेलो की भांडायलासुद्धा कुणी नसायचं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली की मी गाडी काढून नांदेडला जात असे. तिथे आमच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात बाबा एकटे राहत. बाबांनी उभं आयुष्य एका डॉक्टरांची गाडी चालवली. डॉक्टर नांदेड सोडून मुलाकडे निघाले तेव्हा ती जुनी विलायती गाडी त्यांनी बाबांनाच देऊन टाकली. पुढे बाबांच्या डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. ठेवताना म्हणाले होते, ''चालव तू, पण हात मीच लावीन तिला.''

आई होती तोवर आमच्या दोघांतलं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. मला काही हवं असलं की मी तिला सांगायचो, बाबांना माझं काही खटकलं की ते तिला सांगायचे. ती गेली आणि तो रस्ताच बंद झाला. शनिवारी संध्याकाळी मी पोचायचो, बाबा पिठलं-भाकरी करून ठेवायचे, आम्ही समोरासमोर बसून जेवायचो आणि दोन घरची पाहुणी माणसं असावीत तसे गप्प राहायचो. पण रविवार वेगळा असायचा, आणि तो पॉइंटमुळे.

जुन्या गाडीत ठिणगी पाडायचं काम पॉइंट करतात. नखाएवढे दोन तुकडे, इंजिन फिरेल तसे उघडतात आणि मिटतात. जळून काळे पडतात, मग घासावे लागतात, आणि दोघांमधली फट केसभर चुकली तरी गाडी रडायला लागते. रविवारी सकाळी चहा झाला की बाबा बॉनेट उघडायचे. झाकण काढायचे, पॉलिश पेपरनं पॉइंट घासायचे, आणि फट मापायला लग्नपत्रिकेची पट्टी घ्यायचे. मापाची पोलादी पाती त्यांच्या पेटीत होती, पण त्यांचा भरवसा पत्रिकेवर. गल्लीत कुणाची पत्रिका आली की आधी ती बोटांत धरून जाडी बघायचे, नवरा-नवरीची नावं नंतर.

आणि काम करता करता बाबा बोलायचे. डॉक्टरांबरोबर किनवटच्या जंगलात कुठं अडकले ते, आई पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा चप्पल बाहेर काढून बसली ते. मी किल्ली फिरवायची, ते कान देऊन ऐकायचे, ''अजून जराशी,'' म्हणायचे. अकरा वाजेपर्यंत आमचं असं चालायचं. आठवडाभरात कुणी माझ्याशी माणसासारखं बोललं असेल तर ते एवढंच.

अडचण अशी झाली की बाबांना ती फट दिसेनाशी झाली. हातही थरथरायला लागला. त्यांनी बसवलेल्या पॉइंटवर गाडी वाटेतल्या लोहा गावापर्यंत कशीबशी यायची आणि पुढे फटफट करत गचके द्यायची. सोमवारी मी लातूरच्या मेकॅनिककडून गुपचूप पुन्हा फट लावून घ्यायचो. बाबांना म्हणायचो, ''बाबा, एक नंबर चालली.'' ते खूश व्हायचे.

एका शनिवारी मात्र गाडी भर उन्हात माळावर बंद पडली. पॉइंट पार जळाले होते. दोन तास मी बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसून होतो. जवळचं पाणी संपलं. एक टँकर आला, तोही माझ्याच कागदावरचा, ड्रायव्हरनं तांब्याभर पाणी दिलं आणि वर म्हणाला, ''साहेब, ह्या डब्ब्याला कामून जीव लावून राहिलात?'' माझं डोकंच फिरलं. राग गाडीचा होता, उन्हाचा होता आणि खरं सांगायचं तर बाबांचाही होता.

पुढच्याच आठवड्यात मेकॅनिकनं हैदराबादहून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं, म्हणजे पॉइंटशिवाय ठिणगी पाडणारं सामान मागवून दिलं. पॉइंट आणि कंडेन्सर काढले, त्यांच्या जागी एक छोटी पट्टी आणि फिरणारं चुंबक बसवलं, दोन वायरी ओढून बाजूला काळी डबी ठोकली. तासाभराचं काम. घासायला काही नाही, मापायला काही नाही. मेकॅनिक म्हणाला, ''आता टोपण उघडायचं कामच न्हाई बघा.'' मला केवढं हलकं वाटलं!

रविवारी बाबांनी सवयीनं बॉनेट उघडलं आणि आतल्या डबीकडे बराच वेळ बघत राहिले. मी सगळं समजावून सांगितलं, जरा जास्तच उत्साहानं. ते म्हणाले, ''ठिणगी पडती ना?''

''पडते की. आधीपेक्षा चांगली.''

''मग बरं हाय.'' त्यांनी काढलेले पॉइंट मागून घेतले, फडक्यात गुंडाळले आणि पेटीत ठेवून दिले. ''डबी जळली बिळली तर असावेत,'' म्हणाले. तेव्हा साडेसात वाजले होते. जेवणाला पाच तास होते आणि आम्हा दोघांना करायला काहीही नव्हतं.

पुढचे रविवार असेच गेले. बाबा ओट्यावर बसायचे, मी आत पेपर वाचायचो. दोनदा वाचायचो. मध्येच ते विचारायचे, ''नीट चालती?'' मी म्हणायचो, ''हो.'' बस. गाडी अगदी शहाण्यासारखी चालत होती आणि मला तिचाच राग यायला लागला होता. मी उशिरा पोचायला लागलो आणि लवकर निघायला लागलो. लातूरच्या खोलीतला एकटेपणा निदान माझा मला होता. हा दोघांनी मिळून भोगायचा, तो सोसवेना.

मग एका शनिवारी मी गेलोच नाही. कचेरी सुटली, किल्ली हातात घेतली, आणि पाय उचलायचं जिवावर आलं. खानावळीत जेवलो, दोन शर्ट निम्म्या बादलीत धुतले आणि छताकडे बघत पडून राहिलो. टंचाईचं काम निघालं असं कळवता आलं असतं, त्यात निम्मं खरंही होतं. पण हाताला सवय असते. पूर्वी खरंच अडकायचो तेव्हा जे लिहायचो तेच पोस्टकार्डावर लिहिलं: गाडी बंद पडली आहे, म्हणून येता आलं नाही, काळजी नसावी.

बाबांना वाचता येईनासं झालं होतं, हे मला माहीत होतं. पत्र आलं की पोस्टमन ओट्यावर उभा राहून ते मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि आजूबाजूच्या बायाबापड्या ऐकायच्या, हेही माहीत होतं. तरी लिहिलं.

गुरुवारी दुपारी शिपाई टेबलापाशी आला. ''साहेब, खाली एक म्हातारबाबा आलेत. तुमच्या गाडीपाशी बसलेत.''

''कोण?''

''नाव न्हाई इचारलं. मला म्हणले, ही गाडी हितपर्यंत ढकलत आणली का? म्या म्हणलं, ढकलत कामून, साहेब तर रोज हिच्यातच येतात.''

मी हातातला कागद तसाच टाकून जिना उतरलो. गाडीच्या सावलीत बाबा उकिडवे बसले होते. धुतलेलं धोतर धुळीनं माखलेलं, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीचं तोंड उघडं होतं आणि आत सगळं दिसत होतं: पान्हे, पॉलिश पेपर, फडक्यात गुंडाळलेले ते पॉइंट, आणि एक कोरी करकरीत लग्नपत्रिका. नांदेडहून पहाटेच्या एसटीनं निघून, अहमदपूरला गाडी बदलून, उभ्यानं प्रवास करून ते माझी गाडी दुरुस्त करायला आले होते.

''कधी आलात बाबा?'' मी विचारलं.

''झाला की घंटाभर.'' त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. घाई न करता, नीट गाठ मारून.

मी म्हणालो, ''कालच झाली दुरुस्त. मेकॅनिकनं केली.'' शिपायाचं बोलणं त्यांनी ऐकलंय हे ठाऊक असून म्हणालो. कशी जीभ उचलली, अजूनही कळत नाही.

''बरं झालं,'' बाबा म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. ''मला वाटलं, डबी जळली आसंल. मनात म्हणलं, आता आपल्याला बोलवतंय पोरगं.''

मी त्यांना खोलीवर नेलं. माठात होतं ते पाणी दिलं, खानावळीतून ताट आणलं. ते जेवले. मला वाटत होतं, रागवावं, दोन शिव्या द्याव्यात, निदान विचारावं तरी. पण विचारणार कोण? ते काम आईचं होतं.

जेवण होताच ते उठले. ''निघतो. तीनची गाडी हाय.''

''एसटीनं कशाला? मी रजा टाकतो, गाडीनं सोडतो तुम्हाला.''

''नको.''

''बाबा, ऊन बघा केवढं आहे.''

''गाडी बंद हाय म्हणून पत्र आलं, ते साऱ्या गल्लीनं ऐकलं,'' बाबा म्हणाले. ''मीबी सांगून निघालो सगळ्यांला. आता त्याच गाडीतून दारात उतरलो तर लोक तुला काय म्हणतील?''

मला, म्हणे. लोक मला काय म्हणतील. मी त्यांना चालत बसस्टँडवर घेऊन गेलो आणि गर्दीत घुसून खिडकीची जागा धरून दिली. तेवढंच करता आलं. एसटी हलली तेव्हा त्यांनी पिशवी पोटाशी धरली होती. मी हात हलवला, पण खिडकीतून माझा हात त्यांना दिसला असेल असं वाटत नाही.

पुढच्या शनिवारी मी गाडी लातूरलाच ठेवली आणि एसटीनं नांदेडला गेलो. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर लागला होता. बाबा घागर घेऊन रांगेत उभे होते. मी जवळ जाऊन त्यांच्या हातातली घागर घेतली. मागे उभ्या असलेल्या शेजारच्या मावशींनी मला बघितलं आणि बाबांना विचारलं, ''पोरगं एसटीनं आलं व्हय? गाडी झाली न्हाई का अजून?''

सबंध गल्लीत बाबांची ख्याती होती, हा माणूस खोटं बोलत नाही. डॉक्टरांच्या बायकोपुढे खोटं बोलला नाही, पोलिसांपुढे बोलला नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाच म्हणाले, ''न्हाई ना. म्या जाऊन बघून आलो की परवा. पार बिघडलीया. सामान मिळून न्हाई राहिलं.''

मावशी हळहळल्या. बाबा रांगेत एक पाऊल पुढे सरकले, आणि त्यांच्या मागे घागर घेऊन मी.