क्षारपड जमिनीची व्याख्या आणि एक सोयरीक

“मॅडम, ‘क्षारपड’ हा शब्दच कोशातून काढून टाका,” जाधव सर म्हणाले.

मातीच्या कोशातून क्षारपड काढायचं म्हणजे स्वयंपाकघरातून मीठ काढण्यासारखं. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. राग आला की मी एवढंच करते.

काम तसं साधं होतं. सातारा-सांगलीकडे मातीवर संशोधन करणाऱ्यांची भाषा एक नव्हती. एकाच्या थिसिसमधली हलकी जमीन दुसऱ्याच्या थिसिसमध्ये मध्यम. मग दोघांचे आकडे एकत्र कसे करायचे? म्हणून सगळ्यांनी वापरायचा एकच कोश करायचं ठरलं. समितीत मी समन्वयक, शिवाय पलूसचे जाधव सर आणि औंधकडचे पवार सर. प्रत्येक व्याख्येखाली तिघांच्या सह्या हव्यात, नाहीतर छपाई नाही. माझी दोन वर्षं त्यात गेली होती.

अडले दोनच शब्द. पहिला क्षारपड. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजलं आणि निचरा झाला नाही की जमिनीच्या पोटातले क्षार वर येतात, पांढरा थर धरतो. ते मोजायला ईसी काढतात, म्हणजे मातीच्या पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघतात. ईसी चारच्या वर गेला की जमीन क्षारपड. इतकं सरळ आहे. पण जाधव सरांना आकडाच नको होता. “‘तात्पुरती रुसलेली जमीन’ असं लिहू,” ते म्हणाले.

दुसरा शब्द हलकी जमीन. वीतभर मातीखाली मुरूम लागला की ती हलकी. इथे पवार सर अडून बसले. “मुरूम म्हणजे मातीचा थोरला भाऊ. त्यालाही मातीच्या खोलीत धरा.”

प्राचार्यांचा फोन आला. “मॅडम, सोमवारी कोश छपाईला गेला पाहिजे.”

“सर, दोन शब्द राहिलेत.”

“दोनच ना? वगळा.”

“मग सांगली जिल्ह्याचं काय करू, सर?”

त्यांनी फोन ठेवला.

दुपारी जाधव सरांनी मला कँटीनमध्ये गाठलं. आवाज एकदम खाली. “मॅडम, आमच्या विक्रमला पवार सरांच्या पुतणीचं स्थळ आलंय. पोरगं शेती करतंय म्हटल्यावर उंबऱ्यात कुणी येत न्हाई. चौतिशी गाठली त्यानं. आमी काळी कसदार जमीन सांगितलीय. तुमची व्याख्या छापली की अर्धा मळा क्षारपड.”

मला वाईटही वाटलं आणि हसूही आवरेना. संध्याकाळी पवार सर आले. “पुतणीचं जुळत आलंय, मॅडम. तोलामोलाचं दिसावं म्हणून आमी जमीन मध्यम सांगितलीय. हाय नुसता मुरूम. जाधवांना कळू देऊ नका.”

दोघांचीही पीएचडी मातीतली.

व्याख्येवर एकमत होत नसेल तर शेतात जाऊन तपासायची, हा आमच्या कामाचा रिवाज. कुणाच्या शेतात जायचं? पवार सर लगेच म्हणाले, “जाधव सरांच्या.” त्यांचं आयतंच घर बघणं होणार होतं. जाधव सरांना नाही म्हणता येईना.

मळ्यात शिरलो तर पांढरा पट्टा लांबूनच दिसला.

“हे पांढरं काय, सर?” पवार सरांनी विचारलं.

“फक्की हाय. मांडवाची आखणी केलीय.”

“एवढा मोठा मांडव?”

“पै-पाव्हणं लय हायत आमचं.”

पवार सर वाकले. त्यांनी चिमूटभर पांढरं उचलून जिभेला लावलं. विक्रम विहिरीवरच्या मोटारीपाशी उभा होता, त्याने मान खाली घातली. जाधव सरांचा चेहरा मला बघवेना. आता कोश बुडाला, असं मी मनात म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कोशापेक्षा त्या पोराचीच काळजी वाटली.

पवार सर थुंकले. रुमालाने तोंड पुसलं. “चारच्या वर हाय.”

“सात हाय,” जाधव सर म्हणाले. “सोयरीक मोडली म्हणा.”

“आवं, मोडायला काय झालं? जमिनीखाली निचऱ्याचं पाइप घाला, धुऊन निघंल सगळं. आमच्या रानात कुदळ मारली की ठिणगी उडती. मुरमाला औषध न्हाई. फसला असाल तर तुमी.”

जाधव सरांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, “मॅडम, कागद काढा.”

गाडीच्या बॉनेटवर दोन्ही व्याख्यांवर सह्या झाल्या. कोश सोमवारी गेला, लग्न उन्हाळ्यात झालं.

सध्या मी सिंचनाच्या कोशावर काम करते आहे. समिती नेमताना आता सदस्यांच्या पदव्या नंतर बघते. आधी घरात लग्नाचं कोण आहे, ते विचारून घेते.