बारकूची कोट्यवधी वर्षांची मुंगी

माझ्या धाकट्या दिराच्या पोराने, बारकूने जन्मभर दोनच गोष्टी जोपासल्या, मिशी आणि थापा. तानसाच्या तलावात याला सुसर दिसली म्हणे, तीही झाडावर चढलेली! पुढे तो गुजरातेत कोळशाच्या खाणीवर यंत्र चालवायला गेला. गाव म्हणालं, बरं झालं, आता तिकडचे ऐकतील.

यंदा दिवाळीला घरी आला तो पुडीभर पिवळे खडे घेऊन. खाणीतल्या साहेबांनी दिलेले. संध्याकाळी पारावर सगळ्यांना सांगत बसला, "झाडाचा चीक हाय तो. गळला, त्यात मुंगी चिकटली, आन चिकाचा दगड झाला. माणूस जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधीची मुंगी हाय एका खड्यात!"

शेजारचा जगन हसून लोळला. "चल, आत्ता दाखव. नाय दिसली तर मिशी उतरवायची."

"उतरवीन!" बारकूने मिशीला पीळ भरला.

सगळे त्याच्या घरी. मीही निघाले, अशी मजा कोण सोडतं? दारातच गोड वास आला. त्याची बायको सकुबाई धुपाटणं घेऊन बाळाला धुरी देत होती.

"माझे खडे कुठं?" बारकूने विचारलं.

"ती राळ ना? टाकली निखाऱ्यावर. काय झकास जळते!"

बारकू मटकन खाली बसला. हात आपसूक मिशीवर गेला. जगन म्हणाला, "वस्तरा आणू का घरून?"

मी पोराची तरफदारी करायला तोंड उघडलं, तेवढ्यात भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. थेट देव्हाऱ्यात चाललेली. वाकून पाहते तर चिमूटभर साखर आणि साखरेत एक पिवळा खडा.

"सकू, हे काय गो?"

"दुपारी राळ निवडत होते काकी, तांदूळ निवडतो तशी. त्यात ही सापडली. जीव कसा जाळायचा? म्हटलं अडकलीय बिचारी, उपाशी असंल."

जगनने खडा बॅटरीसमोर धरला. एक डोळा मिटून आत पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आयला, हिला पण मिशा हायेत."

सकूने खडा त्याच्या हातातून काढून परत साखरेत ठेवला. बारकू उठला, धोतर झटकलं, छाती पुढे काढली.

"ही तर काहीच नाय. खाणीत मांजराएवढी पाहिलीय मी!"

जगन पुन्हा त्याच्या मिशीकडे बघायला लागला.