आमच्या साडूंचा फंड आणि उसाचा फड

आमच्या साडूंनी संडास पाहिल्याशिवाय आजवर कुणावरही विश्वास ठेवलेला नाही. लॉज असो, दवाखाना असो, नाहीतर मुलीचं सासर असो. दारातल्या कुंड्या, भिंतीवरचे देव आणि मालकाचे वाकून वाकून नमस्कार यांतून वाट काढत ते सरळ मागच्या बाजूला जातात, आणि परत येतात तेव्हा निकाल त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेला असतो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा थोरले जावई म्हणून तेही आमच्या घरी आले होते. सगळे पोह्यांवर लिंबू पिळत असताना हे गृहस्थ गायब. पोट बिघडलं असेल अशा समजुतीनं माझ्या वडिलांनी ओव्याची डबी काढून ठेवली. साडू टॉवेलाला हात पुसत आले आणि सासऱ्यांना म्हणाले, "घर चांगलं हाय. द्या पोरगी." त्यानंतर माझी पदवी, नोकरी, स्वभाव, यांची कुणी चौकशीच केली नाही. आपलं लग्न आपल्या वडिलांच्या फिनेलवर ठरलं, हे पचवायला मला बराच काळ लागला.

साडू मूळचे कोल्हारचे. नगरच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते जन्मभर फिटर होते, आणि जन्मभर युनियनमध्येही. या दोहोंपैकी फिटरचं काम संध्याकाळी संपत असे. घरातही त्यांचा कारभार युनियनच्या घटनेप्रमाणे चाले. भाजी कुठली करायची यावर हात वर करून मतदान होई. माझी थोरली मेव्हणी, म्हणजे अक्का, आतून सांगे, "हात किती वर करायचे तेवढे करा, वांगी चिरून झालीत." साडू तिथल्या तिथे निषेध नोंदवत आणि मग निषेध म्हणून एक भाकरी जास्त खात. एकदा आम्ही सगळे शिर्डीला गेलो होतो. दर्शनाच्या रांगेकडे जाताना हे एका फुलांच्या दुकानापाशी थांबले आणि हार विकणाऱ्या मुलीला विचारू लागले, की तुला बसायला स्टूल आहे का, जेवायला सुट्टी किती, मालक पगार वेळेवर देतो का. ती मुलगी मोठ्या आदरानं उत्तरं देत होती. बोलता बोलता तिनं चांगले चार-पाच हार त्यांच्या गळ्यात मारले. "लई हुशार पोरगी हाय," साडू परतताना म्हणाले, "युनियनमध्ये पायजे हुती."

अशा माणसाला पगारवाढीच्या बोलणीला नेणं युनियनच्या पुढाऱ्यांना परवडेना. मालक मंडळी चहा मागवत आणि हे उठून मागच्या बाजूला जात. म्हणून पुढाऱ्यांनी त्यांना कुणालाच नको असलेल्या एका खुर्चीवर बसवलं. त्या कारखान्यात कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा स्वतःचा ट्रस्ट होता. पगारातून कापलेला पैसा हा ट्रस्ट सरकारी आणि कंपन्यांच्या रोख्यांत गुंतवायचा आणि कामगार निवृत्त झाला की व्याजासकट त्याला द्यायचा. ट्रस्टवर निम्मी माणसं मालकाची, निम्मी युनियनची. तिथे भाषण करता येत नसे आणि टाळ्याही पडत नसत. त्यामुळे युनियनची माणसं समोसा खाऊन सही करत आणि घरी जात.

साडूंनीही समोसा खाल्ला, पण सही केली नाही. पुण्याहून एक सल्लागार आला होता. त्यानं भिंतीवर आलेख दाखवले, रेषा वर चढत होत्या, सगळे मान हलवत होते. साडूंनी विचारलं, "ही कंपनी हाय कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"म्हंजी कुठल्या रस्त्याला?"

सल्लागार म्हणाला, "साहेब, रोखे आपल्या डिमॅट खात्यात असतात."

"ते आसू द्या वो. पर कंपनीला गेट आसंल ना? मानसं आसतील ना आत?"

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला ते अक्काला घेऊन आमच्याकडे आले होते. मी कॉलेजात शिकवतो हे लक्षात घेऊन त्यांनी मलाच धरलं. "पाव्हनं, तुमच्या पेन्शनीचा पैसा कुठं हाय?"

"सरकारकडे."

"सरकार कुठं ठिवतंय?"

मी आमटी वाढून घेतली. ते अक्काकडे वळून म्हणाले, "बघ. बायकूचे दागिने कुठल्या लॉकरात हायेत ते मानसाला ठावं, आन म्हातारपन कुठं ठिवलंय ते ठावं न्हाई." त्या रात्री माझ्या बायकोनं लॉकरची चौकशी केली, हा या प्रकरणातला माझा पहिला तोटा.

पुढे सल्लागारानं एका मोठ्या कंपनीचे रोखे सुचवले. व्याज इतरांहून चांगलं, पत उत्तम. कंपनीचे धंदे अनेक, आणि त्यांतला एक साखर कारखाना नेमका आमच्याच जिल्ह्यात, श्रीगोंद्याच्या बाजूला. साडूंच्या डोळ्यांत चमक आली. गेट सापडलं होतं! रविवारी त्यांनी मला गाडी काढायला लावली. "तुमी सायबासारकं दिसता, तुमी निस्तं बसा," एवढंच माझं काम होतं.

कारखान्यावर आमचं स्वागत फार छान झालं. ट्रस्टी पाहणीला आलेत म्हटल्यावर एका अधिकाऱ्यानं आम्हाला गेस्ट हाउसात नेलं, काजू ठेवले, चहा दिला. साडूंनी संडास कुठे म्हणून विचारलं. त्यानं गुळगुळीत फरशीचा, सुगंधी, आरसेवाला संडास दाखवला. साडू आत डोकावले आणि म्हणाले, "ह्यो न्हाई. ऊसतोडीच्या बायांचा दावा."

अधिकाऱ्याचा काजू हातातच राहिला. "ते लोक आमच्याकडे नोकरीला नाहीत. मुकादम त्यांना आणतो. त्यांचं सगळं मुकादम बघतो."

"मंग ऊस मुकादमाच्या घरी जातो का?" साडूंनी विचारलं आणि उठले.

कारखान्यामागच्या मोकळ्या रानात तोडणीवाल्यांच्या कोप्या होत्या. पाचटाच्या आणि काळ्या प्लास्टिकच्या, वाकून आत जावं लागे अशा. बहुतेक मंडळी उसाच्या फडात तोडणीला गेलेली. एक पाथर्डीकडची बाई भांडी घासत होती. अंगात ताप होता म्हणून त्या दिवशी ती मागे राहिली होती. साडूंनी तिला सरळ विचारलं, "ताई, हितं संडास कुठं हाय?"

तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाला लागलीय का? तिकडं ऊस हाय की. बाप्यांना काय, रान मोकळंच."

"आन तुमाला?"

तिचं हसू ओसरलं. "आमी पहाटं अंधारात जातोत. मंग दिवसा पानीच पेत न्हाई. पेलं की जावं लागतं." मग जरा संशयानं म्हणाली, "तुमी कोन? सरकारी का?"

"न्हाई. ह्या कंपनीला आमच्या कामगारांचा पैसा द्यायचं चाललंय. तेच बघाया आलो. आसली तऱ्हा आसंल तर एक रुपया दिनार न्हाई."

त्यांना वाटलं, बाई खूश होईल. तिनं हातातली परात आदळली. "आन कारखाना बंद पडला मंग? आमी लेकरं घेऊन तुमच्या दारी येऊ का? देऊ नका मनायला आलेत मोठे!"

साडूंनी वाकून परात उचलली, तिच्यापुढे ठेवली आणि गाडीकडे वळले. परतताना त्यांनी वाटेतल्या एकाही हॉटेलाची मागची बाजू पाहिली नाही. मला वाटलं, आता हे प्रकरण मिटलं. घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "बाईचं खरं हाय. द्यायाचं. पर आधी मागायाचं."

पुढच्या बैठकीत त्यांनी अट मांडली: तोडणीवाल्यांच्या तळावर पिण्याचं पाणी आणि बायकांना संडास केल्याशिवाय आमचा पैसा मिळणार नाही. सल्लागार हसून म्हणाला, "साहेब, आपल्या एवढ्याशा पैशानं त्यांच्या गेस्ट हाउसचे पडदेसुद्धा बदलणार नाहीत."

"पडदं चांगलं हायेत, मी बघून आलोय," साडू म्हणाले.

पंप कारखान्याचे मॅनेजर ट्रस्टचे अध्यक्ष होते. तेही चतुर. "तुमच्या कामगारांनी तसा ठराव केला तर आमची हरकत नाही," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. कामगार स्वतःचं व्याज सोडून कुणाच्या संडासासाठी ठराव करतील यावर त्यांचा बिलकुल विश्वास नव्हता. कामगारांचा तर त्याहून नव्हता. तोवर फंडाचा पैसा कमी व्याजाच्या सरकारी रोख्यांत पडून राहणार होता, आणि कारखान्यातल्या पोरांनी साडूंचं नाव 'संडास मंत्री' ठेवलं होतं.

पंप कारखान्याच्या दारात कामगारांची सभा, म्हणजे गेट मीटिंग झाली. मी रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर उभा राहून ऐकत होतो. साडू स्टुलावर चढले. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, व्याज द्या, संडास ऱ्हाऊ द्या!" प्रचंड हशा. साडूंनी हशा ओसरू दिला. मग त्यांच्या त्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "ज्याची आय ऊसतोडीला गेल्ती, त्यानं हात वर करा."

हशा थांबला. पाथर्डी, शेवगावकडची बरीच पोरं त्या कारखान्यात होती. आधी एक हात वर गेला, मग एक, मग इतके, की मला टपरीवरून मोजता येईनात. जो ओरडला होता त्याचाही हात वर होता, आणि तो खाली बघत होता.

"ठराव मंजूर!" साडू गरजले.

"ओ भाऊ," पुढचा एकजण म्हणाला, "आमी आईसाठी हात वर केला, ठरावासाठी न्हाई."

पुन्हा सगळे हसले, साडूही हसले. पण त्या हसण्याचा आवाज वेगळा होता. ठरावाचं मतदान नंतर रीतसर झालं, तासभर भांडण झालं, आणि कुरकुरत का होईना, ठराव झाला.

ट्रस्टनं ही अट साखरवाल्या कंपनीला पत्रानं कळवली, पण उत्तर आलं नाही. मग साडूंनी जुनी स्कूटर काढली आणि रोज ड्यूटी सुटली की एकेका कारखान्याच्या युनियनकडे जाऊ लागले. जिथे जिथे फंडाचा ट्रस्ट होता तिथल्या ट्रस्टींना तेच समजावू लागले. लोकांना आधी गंमत वाटे. काहींनी केवळ हा माणूस उठून जावा म्हणून कंपनीला लिहिलेल्या पत्रावर सही केली. पण एकाच मजकुराची पत्रं इकडून तिकडून जाऊ लागली, तेव्हा कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत कुणाला तरी काळजी वाटली असावी. श्रीगोंद्याला फोन गेला. कोप्यांपाशी पाण्याची टाकी आली, आणि ट्रॉलीवर बसवलेले पत्र्याचे संडास आले. फीत कापली, फोटो निघाले.

आम्ही पाहायला गेलो तर संडासांना कुलूप. घाण होईल म्हणून किल्ली ऑफिसात ठेवली होती. साडू तिथेच जमिनीवर बसले आणि एकटेच घोषणा देऊ लागले. "कुलूप हटाव!" म्हटल्यावर पुढचा प्रतिसाद माझ्याकडून अपेक्षित होता. आयुष्यभर व्याख्यानं दिलेला मी तिथे नेमका चष्मा पुसू लागलो. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. ती परात आदळणारी बाई कोपीतून कोयता घेऊन आली, कुलुपावर उलट्या बाजूनं घाव घातले, कुलूप पडलं, आणि ती आत जाऊन दार लावून घेती झाली. साडूंची घोषणा अर्धीच राहिली. इतकं आनंदी तोंड मी त्यांचं मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे ट्रस्टनं पैसा दिला. पण मधल्या काळात व्याज थोडं बुडालं होतं, आणि ते कुणी विसरलं नाही. युनियनच्या पुढच्या निवडणुकीत साडू सपाटून आपटले. ज्यांनी आईसाठी हात वर केले होते, त्यांतल्याही पुष्कळांनी त्यांना मत दिलं नाही. अक्का रागावली. ते म्हणाले, "आगं, त्यांचा पैसा हाय. त्यांनी इचारलंच पायजे." निवडून आलेल्या तरुण ट्रस्टीला त्यांनी घरी बोलावून सगळं काम समजावलं. तो बसल्या बसल्या झोपी गेला. साडूंनी त्याच्या अंगावर चादर घातली.

आता ते निवृत्त होऊन कोल्हारला असतात. प्रवरेकाठी थोडी शेती आहे, तिच्यात ते गड्यांना इतकी सुट्टी देतात की अक्काच शेत सांभाळते. गेल्या हंगामात मी गेलो होतो, तेव्हा म्हणाले, "चला, श्रीगोंद्याला चक्कर मारू." कोप्या तिथेच होत्या, पाणी होतं, पत्र्याची दारं उघडी होती, एकाची कडी मोडली होती. साडूंनी ती कुलूप तोडणारी बाई कुठे आहे म्हणून विचारलं. तिथल्या एका म्हातारीनं सांगितलं, "ती यंदा कर्नाटकात गेली. दुसरा मुकादम हाय तिला. उचलीचा आगाव पैसा जास्त दिला त्यानं."

"तिकडं सोय हाय का?"

म्हातारीला माहीत नव्हतं. साडूंनी खिशातून पाना काढून ती मोडकी कडी बसवली, दार दोनदा लावून पाहिलं, आणि आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना उसाचे तुरे हलत होते. साडूंना आता कुठल्या बैठकीला जायचं नव्हतं, कुणी त्यांच्या सहीसाठी अडून बसलेलं नव्हतं. पाना मात्र त्यांनी अजून हातातच धरला होता.

"पाव्हनं," ते हळूच म्हणाले, "तिकडच्या कारखान्यात कुनाचा फंड आसंल हो?"